शब्दचर्चा : ‘ऋण सोडणे’, क्षमा आणि माफी

रानजाई :
आमच्या चर्चमध्ये मी लहान मुलांचा रविवारचा वर्ग घेते. गेल्या रविवारी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, पाठ करून घेत होते. ‘आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ ही ओळ आली आणि चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला. “मॅडम, ऋणी म्हणजे आभारी ना? मग आभार मानणाऱ्यांना का सोडायचं?”

मला उत्तर देता आलं नाही. तिचं काही चुकलेलं नाही. तिनं हा शब्द ऐकलाय तो शाळेच्या स्नेहसंमेलनात, ‘आम्ही पाहुण्यांचे ऋणी आहोत’ असा. कर्ज या अर्थानं ऋण आता बोलण्यात उरलंय कुठे? ‘ऋण काढून सण’ या म्हणीत आणि बँकेच्या कागदावर धनको-ऋणकोत. बाकी सगळीकडे हा शब्द गोड झालाय. ऋणनिर्देश, मातृऋण, ऋणानुबंध. त्यामुळे ओळ पाठ होते, पण तिच्यात कोण कुणाला काय सोडतंय तेच मुलांना कळत नाही.

मग इथे ‘क्षमा कर’ म्हणावं की ‘माफ कर’? की ‘सोड’च ठेवावं आणि समजावून सांगावं? या तीन शब्दांत नेमका फरक काय, जाणकारांनी सांगावं.

आणखी एक सांगते, नाहीतर विचारणं अर्धवट राहील. ही ओळ माझ्यासाठी नुसती शब्दाची अडचण नाही. सात वर्षं ही ओळ आली की मी गप्प बसायचे. आजूबाजूची मंडळी म्हणायची, मी ओठ मिटून पुढच्या ओळीची वाट बघायचे. कारण तिथे ‘सोडले आहे’ असं आहे. ‘सोडतो’ नाही, ‘सोडू’ नाही. काम झालंय असं देवाला सांगायचं, आणि माझं तर झालेलं नव्हतं. त्याबद्दल नंतर लिहीन. आधी शब्द.

उधारवही :
ताई, मी ख्रिस्ती नाही, पण देण्याघेण्याचे शब्द म्हणाल तर आमच्या घरातलेच. मिरजेजवळ वडिलांचं किराणा दुकान होतं.

‘माफ’ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मुळातला वापर सरकारी. सारा माफ, फी माफ, शिक्षा माफ. माफ करणारा नेहमी वरचा असतो आणि ज्याला माफ होतं तो खालचा. म्हणून तर शेतकरी चळवळीतली माणसं ‘कर्जमाफी’ या शब्दावर चिडतात. गुन्हा केलाच नाही तर माफी कसली, कर्जमुक्ती म्हणा, असं त्यांचं म्हणणं. २०१९च्या राज्य सरकारच्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’च आहे.

दुकानात मात्र वडील ‘माफ केलं’ असं कधी म्हणत नसत. ‘बुडालं’ म्हणायचे किंवा ‘सोडलं’ म्हणायचे. आणि या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मला फार उशिरा कळलं. बुडालं म्हणजे समोरच्यानं बुडवलं, माझ्या हातात काही राहिलं नाही. सोडलं म्हणजे येणं होतं, मागायचा हक्क होता, आणि तो हक्क मी सोडला. वहीत बेरीज दोन्हीकडे तीच. पण बुडालेल्या माणसाचं नाव निघालं की वडिलांचा आवाज चढायचा. सोडलेल्याचं निघालं तर ते साधेपणानं विचारायचे, “बरा आहे का तो?”

जाता जाता ‘फारखत’ हा शब्दही बघा. देणं फिटल्याची, आता माझं काही मागणं नाही अशी लिहून दिलेली पावती म्हणजे फारखत. पुढे तोच शब्द नवरा-बायकोच्या काडीमोडीला लागला. ‘सोडचिठ्ठी’चंही तेच. सोडणं या क्रियापदात मोकळं करणं आणि टाकून देणं शेजारी शेजारी बसलेत. वडिलांच्या वह्या माळ्यावर आहेत. दिवाळीच्या सफाईत काढल्या की बघून सांगतो त्यांनी नेमकं काय लिहिलंय.

पाणंद :
शिक्षकी पेशातला, संस्कृतच्या बाजूनं थोडं सांगतो. क्षमा हा शब्द ‘क्षम्’ धातूपासून. अर्थ सहन करणे, पेलणे. सक्षम, क्षमता हे त्याच घरातले. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती सगळं सोसते, नांगर पोटावर घेते आणि वर धान्य देते. म्हणजे क्षमा करणारा मुळात पेलणारा आहे. भार त्याच्याच अंगावर राहतो, तो वाकत नाही इतकंच.

मराठीनं हीच कल्पना घरगुती केली : अपराध पोटात घालणे. म्हणून मला वाटतं क्षमा आणि ऋण सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात घेतो, दुसऱ्यात टाकतो. पोटात घातलेलं पोटातच राहतं, आणि ते कधी कधी आंबतं. याच्या उलट बाजूला ‘अढी’ हा शब्द ठेवून बघा. मनात अढी धरणे म्हणतो आपण. आंबे पिकवायला गवतात रचून ठेवतो, तीही अढीच. झाकून, उबेत, हवा लागू न देता. राग असाच ठेवला जातो. माझ्या डोळ्यांपुढे तरी तेच चित्र येतं.

रानजाईताई, मी तुमच्या जागी असतो तर ‘सोड’ काढून ‘क्षमा’ घातलं नसतं.

मूळप्रत :
मी सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक शिकलो, म्हणून राहवत नाही. आपल्या मराठी अनुवादकांनी इथे फार नेकीनं काम केलंय. मत्तय आणि लूक या दोघांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांत, म्हणजे शुभवर्तमानांत, ही प्रार्थना आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात या ओळीत ‘पाप’ असा शब्द नाही, ‘देणी’ असाच आहे. लूकने तीच प्रार्थना दिली तेव्हा ‘पापे’ म्हटलं, पण पुढच्याच शब्दांत ‘जो आमचं देणं लागतो’ असं येतंच. यामागे येशूची बोलीभाषा आहे. अरामीत ‘होबा’ म्हणजे कर्जही आणि पापही. एकच शब्द.

आता क्रियापद. ग्रीकमधलं आफियेमी म्हणजे सोडणे, जाऊ देणे. हेच क्रियापद बायबलमध्ये कुठे कुठे येतं बघा. पेत्र आणि अंद्रिया हे कोळी जाळी सोडून येशूच्या मागे गेले, त्याचे शिष्य झाले, तिथे हेच. पेत्राच्या सासूचा ताप निघाला, म्हणजे तापानं तिला सोडलं, तिथे हेच. वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर तुझं अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा, समेट कर. त्या ‘ठेव’च्या जागीही हेच. कोळ्याच्या हातातली जाळी, बाईच्या अंगातला ताप आणि माणसाच्या मनातला दावा, तिन्हींना एकच क्रिया. ‘क्षमा’ या शब्दानं मराठीत हे धागे तुटले असते. ‘सोड’नं ते टिकले.

आणि ताई, तुम्ही ज्या ‘सोडले आहे’पाशी अडायचात, तो अडथळा खरा आहे. मत्तयच्या जुन्या प्रतींत तिथे भूतकाळ आहे. लूकमध्ये वर्तमानकाळ आहे. मराठीनं मत्तयमधला भूतकाळ जसाच्या तसा ठेवला. तुम्ही नीट वाचत होतात म्हणूनच अडलात.

उधारवही यांनी सोडणं आणि टाकून देणं एकाच क्रियापदात असल्याचं लिहिलं, त्यावरून आठवलं. वधस्तंभावर येशू अरामीत ओरडतो, ‘एली, एली, लमा सबख्थनी?’ माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्या ‘सबख्थनी’चा धातू आणि अरामी-सिरियाक भाषेतल्या ‘ऋण सोड’ या विनंतीतला धातू एकच. ज्या क्रियापदानं तो शिष्यांना ऋण सोडायला शिकवत होता, त्याच क्रियापदानं तो स्वतः सोडला गेला. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो.

मांडवीकाठ :
आमच्या कोंकणी प्रार्थनेत या जागी ‘भोगस’ आहे. ‘आमचीं पातकां भोगस’. क्षमा म्हणजे भोगसाणें. माझी मराठी सून पहिल्यांदा आमच्याबरोबर जपमाळेला बसली तेव्हा दचकली. तिला वाटलं आम्ही देवाला आमची पापं भोगायला सांगतोय! मग आम्ही दोघी हसलो, पण मी नंतर विचार करत राहिले. ख्रिस्ती माणसानं तसं ऐकलं तर फारसं चुकतं का? आमची पापं त्यानं भोगलीच ना.

आणि समोरच्याला आम्ही ‘ऋणी’ म्हणत नाही. ‘आमचेर चुकल्ल्यांक’ म्हणतो, आमच्याशी जे चुकले त्यांना. त्या शब्दात मला एक मऊपणा वाटतो. तुमच्या ऋणात हिशेब चोख आहे, आमच्या चुकण्यात माणूस दिसतो.

पाणंदसर, तुम्ही पेलणं आणि टाकणं वेगळं काढलंत ते मला पूर्ण पटलं नाही. टाकायचं तर आधी उचलावं लागतं.

मूळप्रत :
मांडवीकाठबाय, तुम्ही न ठरवता हिब्रूवर बोट ठेवलंत. बायबलच्या जुन्या, हिब्रूतल्या भागातल्या बत्तिसाव्या स्तोत्राची सुरुवात अशी आहे : ‘ज्याच्या अपराधाची क्षमा झाली आहे, ज्याच्या पापावर पांघरूण घातले आहे, तो धन्य!’ इथे ‘क्षमा झाली’साठी जो हिब्रू धातू आहे, नासा, त्याचा अर्थच उचलणे, वाहून नेणे. म्हणजे पेलणं आणि दूर नेणं एकातच. पाणंदसरांची पृथ्वी आणि रानजाईताईंचं ‘सोड’ तिथे भेटतात.

‘पांघरूण घालणे’ मात्र आज घोटाळ्याचं झालंय. भ्रष्टाचारावर पांघरूण घातलं, असं वर्तमानपत्रात वाचतो आपण. स्तोत्रातलं पांघरूण ते नाही. रात्री लेकराच्या अंगावरचं सरकलेलं पांघरूण आई परत घालते, ते.

आणि ‘धन्य’ जिथे आहे तिथे मूळ शब्द ‘अश्रे’. सुखी, आनंदी असा त्याचा अर्थ. क्षमा आणि सुख एकाच ओळीत बांधलेत. हे सुख क्षमा मिळालेल्याचं आहे, हे खरं. पण येशूचा प्रेषित पौल इफिस गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात ‘एकमेकांना क्षमा करा’ असं लिहितो तेव्हा वेगळंच क्रियापद वापरतो, खारिझोमाई. म्हणजे कृपेनं, फुकट देऊन टाकणे. खारिस म्हणजे कृपा आणि खारा म्हणजे आनंद, दोन्ही शब्द एकाच मुळाचे. तिथे देणारा आनंदाच्या घरातला आहे.

पाणंद :
मांडवीकाठताई, मान्य. एकांगी लिहिलं मी.

आणि हे कृपा-आनंदाचं नातं आपल्याकडेही आहे हो. ‘प्रसन्न’ आणि ‘प्रसाद’. देव प्रसन्न झाला म्हणजे त्यानं कृपा केली, आणि प्रसन्न चेहरा म्हणजे आनंदी चेहरा. दोन्हींत एकच ‘सद्’ धातू. गढूळ पाणी निवळतं त्यालाही संस्कृतात प्रसन्न म्हणतात. राग खाली बसला की वरचं पाणी प्रसन्न.

सांजवात :
सगळ्यांचं वाचलं. छान आहे, पण माझा एक आक्षेप आहे आणि तो गोड करून सांगणार नाही.

‘सोडून दे’ हे शब्द मी आयुष्यभर ऐकले. नवऱ्यानं हात उगारला तर सोडून दे. सासरच्यांनी दागिने ठेवून घेतले, सोडून दे. झालं गेलं गंगेला मिळालं. कुणाला सांगितलं जातं हे? ज्याचं काही चालत नाही त्यालाच. मी एका संस्थेत मार पडलेल्या बायकांसोबत काम करते. त्यांच्यापुढे ‘ऋण सोडा, सुख मिळेल’ हे वाक्य मी उच्चारूसुद्धा शकणार नाही. तुमच्या या शब्दाला याचं उत्तर आहे का?

मूळप्रत :
आहे असं मला वाटतं, आणि ते शब्दातच आहे. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’मध्ये काय झालं, कुणी केलं, किती केलं, काहीच बोलावं लागत नाही. ऋण सोडायचं तर आधी ऋण आहे असं म्हणावं लागतं. रक्कम काढावी लागते.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा. आणि लगेच गोष्ट सांगतो, ती हिशेबाचीच. एका चाकराचं राजाकडे दहा हजार तलांतांचं देणं. एक तलांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोजगार. करा गुणाकार. सहा कोटी दिवसांची मजुरी, दीड लाख वर्षांहून जास्त. राजा ते सोडतो. तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. लक्षात घ्या, शंभर दिनारही काही किरकोळ नाहीत, तीन महिन्यांहून जास्त मजुरी आहे. ‘तुझं दुखणं काहीच नाही’ असं ही गोष्ट म्हणत नाही.

आणि सोडणं म्हणजे कायद्याची वाट अडवणंही नाही. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशात मनोहरपूर गावी ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेली असताना जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली असं जाहीरपणे सांगितलं आणि त्या बारीपद्यात कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या. खटला चालला. शिक्षा झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. कोर्टाचं देणं कोर्टानं वसूल केलं. बाईंनी सोडलं ते त्यांच्या स्वतःच्या वहीतलं. ‘माफीचा साक्षीदार’ वेगळा आणि हे वेगळं.

तुमच्या बायकांना आधी घर, डॉक्टर, वकील आणि पोलीस लागतात. त्याआधी ‘सोड’ म्हणणारा ऋण सोडायला सांगत नाही, बुडवलेलं विसरायला सांगतो.

मांडवीकाठ :
सांजवातबाय, बरं केलंस विचारलंस. मला सिस्टर राणी मारिया आठवतात, कॅथलिक धर्मभगिनी. मध्य प्रदेशात गरीब शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ला भर बसमध्ये समुंदर सिंगनं त्यांना भोसकलं. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर. २००२ साली तिनं तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटाला राखी बांधली. तो तुरुंगात होताच, शिक्षा भोगत होता. २००६ला सुटला.

तुम्ही सगळे सोडणं, सोडणं म्हणताय. तिथे सोडलं आणि बांधलंही.

रानजाई :
आता माझं लिहिते.

आई गेल्यावर तीन महिन्यांनी भावानं मला निबंधकाच्या कचेरीत नेलं. वारसनोंदीचं काम आहे म्हणाला. कागद मी वाचला नाही, दादानं बोट ठेवलं तिथे सही केली, अंगठा दिला. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५चा उत्तराधिकार कायदा लागतो, त्यात मुलगा-मुलगी सारखे. हे मला माहीत होतं, पण दादा आहे, काय विचारायचं. वर्षभरानं तलाठ्याकडून उतारा काढला तेव्हा कळलं, तो कागद हक्कसोडपत्र होता.

बघा शब्द. हक्क, सोड, पत्र. कागदावर मी सोडून बसले होते, आणि मनात एक गुंठाही सुटला नव्हता. प्रार्थनेत ‘सोडले आहे’ आलं की मला कचेरीतलं ते निळं शाईचं पॅड दिसायचं. म्हणून गप्प बसायचे.

उधारवहीदादा, तुमचं ‘बुडालं’ आणि ‘सोडलं’ वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. माझ्याकडून ते काढून घेतलं गेलं होतं. काढून घेतलेलं मी सोडणार कसं? ते आधी माझं व्हायला हवं होतं. आणि सांजवातताई, तुमच्या आक्षेपानं मला धीर आला. इतकी वर्षं मंडळीतल्या बायका ‘सोडून दे गं’ म्हणायच्या, आणि मला वाटायचं माझाच विश्वास कमी आहे.

काल रात्री दादाला फोन केला. आधी सांगितलं, “दादा, तू माझं देणं लागतोस.” किती गुंठे ते सांगितलं. कागद न सांगता सही घेतलीस तेही सांगितलं. तो म्हणाला, तेव्हा मुलाच्या फीचे पैसे भरायचे होते, तुला काय कमी होतं. चूक झाली असं म्हणाला नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मी ते आज सोडते, तू मागितलं नाहीस तरी. मग दोघंही काही बोललो नाही. पलीकडे त्यांच्याकडच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

फोन ठेवला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “सुटले बाई एकदाची.” सोडला त्याला, आणि सुटले मी! पाणंदसर, व्याकरणात हे कसं बसतं?

पाणंद :
सोडणे सकर्मक, सुटणे अकर्मक. तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे तशी जोडी. नियमानं मी फोडतो तेव्हा नारळ फुटतो, मी नाही. तसं तुम्ही सोडलंत तर सुटायला हवे तुमचे दादा. पण हातातली दोरी सोडली की हातही सुटतो, आणि मराठी माणूस दोन्हींना सुटलो म्हणतो. या जोडीत तेवढी सोय आहे. बाकीच्यांत नाही.

मुलांसाठी ‘देणं लागणे’ वापरून बघा. ‘जे आमचं देणं लागतात त्यांचं आम्ही सोडलं, तसं आमचं देणं तू सोड.’ चौथीतल्या मुलीला दुकानातली उधारी समजते. पाठ मात्र जुनीच ओळ करू द्या.

रानजाई :
तसंच करते सर. आणि यावेळी मीही त्यांच्याबरोबर म्हणेन.

उधारवही :
उशिरा लिहितोय, दिवाळी होती. वह्या काढल्या.

एका माणसाचं पान आहे, नाव लिहीत नाही, गावात त्याचं घर आहे अजून. वर्षभराची उधारी, ३,४१७ रुपये. त्यानं दोनदा खोटं सांगून माल नेला होता आणि वडिलांना भर बाजारात बोलला होता, ते मला आठवतं, मी तिथे होतो. पानावर तिरकी रेघ, रेघेवर वडिलांच्या अक्षरात एकच शब्द, ‘सोडले’. खाली लक्ष्मीपूजनाची तारीख.

मग पाडव्याची नवी वही उघडली. तिसऱ्याच पानावर तोच माणूस. ‘मागील बाकी’च्या रकान्यात आडवी रेघ. खाली, ‘साखर १ किलो, चहा पाव किलो. उधार.’